हवालदारांच्या मिशा

महाडच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनामंदिरात तान्ह्या मुलांना प्रवेश होता, पण एका अटीवर. दारात उभ्या असलेल्या लाजरस हवालदारांच्या मिशा ओढल्याशिवाय आत जायचं नाही.

हवालदार मोठ्या लढाईवरून परतलेले. मिशांची टोकं पार कानाकडे वळलेली. प्रत्येक बाळाला उचलून ते तोंड पुढे करत. "वढ, मर्दा! घाबरायचं नाय!" आणि आईला बजावत, "मिशांची सवय लहानपणीच लागली पायजे."

आत तुळईला ओळीनं नऊ झोळ्या. सगळ्यांतून एकच दोरी ओवलेली आणि तिचं टोक हवालदारांच्या पायाच्या अंगठ्याला. ते पाय हलवत आणि सगळी पलटण एका तालात डुले. आया निवांत प्रवचन ऐकत. मी शेजारी पेटीवर असे. मुंबईच्या बोर्डिंगात इंग्रजी शाळा शिकून आले होते, पण चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की मी पेटीचा आडोसा धरे. पेटीमागे बसलं की कुणी बोलायला येत नाही. हवालदार मात्र येत.

त्या वर्षी हंगामाच्या, म्हणजे नव्या पिकाच्या, सणाला मुंबईहून मोठे पाद्रीसाहेब यायचे होते. पंच कमिटीच्या दानियल मास्तरांनी फर्मावलं, "त्या दिवशी पोरं शाळेच्या पडवीत."

"का? पाद्रीसायबांना पोरं चावतात काय?"

"हवालदार, उपासना आहे, बाजार नाही."

"उंबऱ्याच्या आत एक जरी पोर रडलं, तर माझ्या हातानं झोळ्या सोडीन. कायमच्या. बोला!"

मास्तर हसत कबूल झाले.

दुसऱ्या दिवशी हवालदार माझ्याकडे एक कार्ड घेऊन आले. पोलादपूरहून मुलीचं कार्ड आलं की त्यांची चाळशी नेमकी घरी राही. मी वाचलं, "बाबा, सणाला बाळाला घेऊन येते. फार रडका आहे. बाहेर बसवणार असाल तर आल्या पावली परत जाईन. रुथ."

"परत वाच गो."

मी परत वाचलं. मग ते भिंतीकडे बघत म्हणाले, "लढाईवर गेलो तवा ही पोटात हुती. आलो तर चार वर्सांची. मिशा बघून अशी किंचाळली! जवळ म्हणून आली नाय."

"मग मिशा काढायच्या होत्या."

"काढल्या हुत्या. तरी नाय आली."

सणाच्या दिवशी वेदीपुढे भाताच्या लोंब्या, काकड्या, भोपळे रचले होते. पाद्रीसाहेबांचं प्रवचन अर्ध्यावर आलं तरी नऊ झोळ्यांतून हूं की चूं नाही. तेवढ्यात बाहेरून टाहो ऐकू आला. पोलादपूरची मोटार उशिरा आली होती. रुथ रडतं बाळ घेऊन उंबऱ्यापाशी थबकली. मास्तरांचा चेहरा खुलला. हवालदारांचा अंगठा दोरीत. ते उठले तर नऊही उठणार. रुथनं सगळ्यांच्या नजरा पाहिल्या आणि पाठ फिरवली.

मी उठले. एवढ्या माणसांसमोर आपण उठलो आहोत हे मला नंतर कळलं. अंगठ्याची गाठ सोडवून मी दोरी हातात घेतली आणि त्याच तालात हलवू लागले.

हवालदार उंबरा ओलांडून गेले, बाळापुढे वाकले. "वढ, मर्दा."

बाळानं एक हुंदका दिला, टक लावून पाहिलं आणि दोन्ही मुठींत दोन्ही मिशा धरल्या. रडणं बंद! हवालदार त्याला घेऊन आत आले ते निशाण जिंकून आणल्यासारखे.

प्रवचन पुढे बराच वेळ चाललं. एकही पोर रडलं नाही. शेवटी शेवटी मात्र एक घोरणं ऐकू येऊ लागलं. दानियल मास्तर!

"अजून एक झोळी बांधू काय?" हवालदारांनी विचारलं. आधी पाद्रीसाहेब हसले, मग सगळं मंदिर. झोळ्यांचा विषय कमिटीत पुन्हा निघाला नाही.

बाहेर आल्यावरही बाळाच्या मुठी सुटल्या नव्हत्या.

"दुखत असेल, बाबा. थांबा."

रुथ एकेक इवलं बोट सोडवू लागली. एक सुटलं की दुसरं घट्ट होई. तिची बोटं त्यांच्या गालाला लागत होती. आणि हवालदार, पलटणीत उभे राहत असतील तसे, सावधान उभे होते. जराही हलले नाहीत.