हैबतरावांचे मागचे स्पीकर

एका जंगलात, बाळांनो, डांबरी रस्ता आला. जंगल कुठलं ते विचारू नका. तिथले रहिवासी फार लवकर दुखावतात आणि मग मोर्चे काढतात. एवढंच ध्यानात ठेवा, की आधी रस्ता आला, रस्त्यामागून गाड्या आल्या, आणि गाड्यांमागून अक्कल येईल म्हणून सगळे वाट बघत बसले. अजून बसलेत.

त्या जंगलात हैबतराव नावाचा एक गवा होता. वजनदार असामी, तेव्हा आपण त्यांना अहो-जाहोच करू. हैबतरावांकडे अठरा वर्षांची एक गाडी होती. आता एवढा थोरला गवा गाडीत मावायचा कसा, असं मागच्या रांगेतलं कुणीतरी विचारणारच. मोठे लोक कसे मावतात हे विचारायचं नसतं, बाळा. आपण सरकून घ्यायचं असतं.

गाडी गुणी होती. पण महिनाभर तिच्या मागच्या बाजूनं आवाज येत होता. हळू चालवली की घर्रर्र. जोरात चालवली की घूंऽऽऽ.

एरवी हैबतरावांनी तिकडे कानही हलवला नसता. पण त्यांच्या लेकीचा, केतकीचा, साखरपुडा ठरला होता. आईविना वाढलेली एकुलती एक पोर. सोयरे घाटापलीकडचे. मुहूर्त सकाळी अकरा सतराचा. आणि व्याही आधीच कुणापाशी तरी म्हणाले होते, "येणार कशातनं? त्या खटाऱ्यातनं?"

हे वाक्य हैबतरावांच्या शिंगात अडकून बसलं.

ते गाडी घेऊन साळिंदर मिस्त्रीकडे गेले. साळिंदरानं चाक उचललं, हातानं फिरवलं, कान लावला.

"दादा, मागचं डावं बेअरिंग गेलंय. दोन दिवस गाडी सोडा. अशी घाटात घातलीत, तर चाक निघून जाईल."

"शुभकार्याच्या तोंडावर असलं अभद्र बोलतोस?"

"मी कुठं बोललो? चाक बोलतंय."

हैबतरावांनी विचार केला. गव्यानं विचार केला की बराच वेळ जातो. तेवढ्यात साळिंदरानं दोन विड्या ओढल्या.

"बरं, बेअरिंग बदललं तर दिसेल का ते?"

"नाही. ते आत असतं."

"मग ऐकू येईल?"

"छे! उलट आहे तो आवाज जाईल."

"म्हणजे दिसणारही नाही आणि ऐकूही येणार नाही," हैबतराव म्हणाले. "मग व्याह्यांना कळणार कसं?"

साळिंदरानं चाक खाली टेकवलं. तो फक्त मिस्त्री होता.

पुढच्या वळणावर कोतवालाचं दुकान होतं. कोतवाल म्हणजे तो काळा, शेपटीला दोन फाटे असलेला पक्षी. दहा जणांचे आवाज काढतो आणि अकराव्याच्या तोंडचा घास पळवतो. अशा गुणांवर दुकान उत्तम चालतं. पाटी होती : 'कर्णसुख कार डेकोर'.

गाडी दारात थांबताच कोतवाल टुणकन तिच्या मागच्या काचेखालच्या फळीवर जाऊन बसला, चोच वासली आणि हुबेहूब काढला आवाज : घर्रर्र, घूंऽऽऽ.

"हाच ना, साहेब?"

"हाच!"

"तुमचे मागचे स्पीकर फाटलेत."

"पण टेप बंद असतानासुद्धा आवाज येतो."

"हीच तर जुन्या स्पीकरची खोड," कोतवाल म्हणाला. "बंद असले तरी वाजतात."

जाळी काढली. आतला कागद खरोखरच चुलीवरच्या पापडासारखा फुटला होता. हैबतरावांनी तो फाटका कागद पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. पुरावा हातात आला की शहाण्यासुरत्या गव्याचीही चौकशी तिथंच संपते.

नवे स्पीकर सहा बाय नऊ इंची, लांबट होते, अंड्यासारखे. गाडीची जुनी भोकं होती गोल आणि लहान. कोतवालानं करवत घेतली आणि फळीच कापली. कापताना हैबतरावांनी तोंड फिरवलं. वायर जोडली, जाळ्या बसवल्या, टेप लावला. शेजारच्या सागाची पानं गळाली.

गाडी फिरवून आणली.

"गेला की नाही आवाज?" कोतवालानं विचारलं.

"काय?"

"आवाज! गेला का?"

"गेला, गेला!" हैबतराव आनंदानं ओरडले.

वाटेत साळिंदर भेटला. म्हणाला, "दादा, एकदा टेप बंद करून चालवून बघा."

"बंद कशाला करू? नवीन आहे."

साखरपुड्याचा दिवस उजाडला. पुढच्या सीटवर ताटं, साड्या आणि गवताच्या लाडवांचा डबा. मागं केतकी, आणि तिला लहानाची मोठी केलेली बयाआत्या. बयाआत्या म्हणजे हैबतरावांची थोरली आत्या. डोळ्यांनी अधू, पण पानावरून मुंगी गेली तरी तिला ऐकू यायची. घराला अशा माणसाचा फार त्रास असतो.

नारळ फुटला. चाकांखाली लिंबं ठेवली. स्पीकरना हळदकुंकू वाहिलं. बेअरिंग आत असल्यामुळे त्याचं राहिलं. गाडी हलली, आणि हैबतरावांनी टेप लावायच्या आधीच्या तेवढ्या क्षणात आत्या म्हणाली, "हैबत्या, थांब. मागं काहीतरी रडतंय."

झालं! शुभकार्याला निघताना 'थांब'? आणि वर 'रडतंय'? गाडी परत अंगणात आणली. सगळ्यांनी खाली उतरून, गूळ खाऊन, पाच पावलं मागं जाऊन पुन्हा प्रवास सुरू केला. चाकाकडे कुणी पाहिलं नाही. आत्येला बजावलं, "आता घाट उतरेपर्यंत तोंड उघडायचं नाही. आणि उघडलंस, तर चांगलं बोलायचं."

शिवाय टेपला एक बटण होतं. ते फिरवलं की पुढचा आवाज बंद, मागचा दुप्पट. हैबतरावांनी ते पूर्ण फिरवलं. पुढं शांत, गार. मागं आत्येच्या दोन्ही कानांपाशी सनई-चौघडा.

घाट लागला. दुसऱ्या वळणावर आत्या काहीतरी म्हणाली. हैबतरावांनी आरशात पाहिलं. तिचे ओठ हलत होते.

"आत्या गातेय वाटतं," ते खूश होऊन म्हणाले आणि आवाज वाढवला.

चौथ्या वळणावर केतकीनं त्यांच्या पाठीवर शिंग मारलं. त्यांना वाटलं, पोरगी लाडात आलीय.

सहाव्या वळणावर डाव्या बाजूनं एक चाक गाडीला मागं टाकून झपाझप पुढं निघून गेलं.

"बघा, बघा!" हैबतराव म्हणाले. "कुणाचं तरी चाक! लोक गाड्या सांभाळत नाहीत बघ, केतकी."

मग गाडी मागच्या अंगानं बसली. ठिणग्या उडाल्या, कठड्याला कड घासली आणि एका करवंदीच्या जाळीत धूड थांबलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. सनई चालूच होती.

हैबतराव खाली उतरले. त्यांनी आधी लेकीला विचारलं असेल, असं तुम्हाला वाटतं ना? तुम्ही अजून लहान आहात. त्यांनी आधी स्पीकरची जाळी चाचपली.

"ओरखडासुद्धा नाही," ते म्हणाले. "याला म्हणतात माल."

"बाबा, दहा वाजून गेले," केतकी म्हणाली. "पायवाटेनं गेलो तर पोचू. चला."

"चला म्हणजे? आणि गाडी?"

"तीन चाकांची गाडी कोण नेतंय, हैबत्या?" आत्या म्हणाली.

"गाडी नाही गं, स्पीकर!"

त्यांनी वर मान केली. घाटातली माकडं कठड्यावर येऊन ओळीनं बसली होती. माकडं सनई ऐकत होती. पण हैबतरावांना त्यांचे हात दिसत होते.

"तासाभरात उपटून नेतील. तुम्ही व्हा पुढं. मी कुणीतरी येईपर्यंत बसतो."

"बाबा, साखरपुडा माझा आहे."

"मग मी तरी कुणासाठी बसवले गं स्पीकर?"

केतकीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग ताट उचललं. आत्येनं लाडवांचा डबा डोक्यावर घेतला, केतकीचा खांदा धरला, आणि दोघी करवंदीतून पायवाटेला लागल्या.

अकरा सतराला त्या वेळेवर पोचल्या. व्याह्यांनी विचारलं, "वडील कुठायत?"

"स्पीकरपाशी," आत्या म्हणाली.

"अच्छा, अच्छा," व्याही म्हणाले. त्यांना कसलंही आश्चर्य वाटलं नाही. उलट त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "सहा बाय नऊ का?"

वडिलांच्या जागी आत्या बसली. अंगठी घातली गेली. लाडू वाटले.

संध्याकाळी दोघी परतल्या, तेव्हा हैबतराव करवंदीच्या जाळीत तसेच बसले होते. वाजवून वाजवून बॅटरी उतरली होती. माकडं कंटाळून केव्हाच निघून गेली होती.

"कसा झाला कार्यक्रम?" त्यांनी विचारलं.

"चांगला झाला," आत्या म्हणाली. "आम्हाला एकमेकांचं ऐकू येत होतं."

दुसऱ्या दिवशी पंचायत बसली. निकाल लागला तो असा : साळिंदर अभद्र बोलला म्हणून चाक निघालं, त्याचं दुकान महिनाभर बंद. आत्या निघताना 'थांब' म्हणाली म्हणून दोष लागला. लग्नाला तिला नेऊ नये. आणि कोतवालाच्या पाटीखाली नवी ओळ आली : 'चाक गेलं, सनई नाही!' दुकानापुढे रांग लागली. रांगेत पहिले हैबतराव होते. त्यांना मोठी बॅटरी हवी होती.

लग्नाला बयाआत्या आदल्या दिवशीच पायी निघाली. साळिंदराला रिकामा वेळ होता. तो सोबतीला गेला.

तात्पर्य : गाडीला आवाज येत असेल, तर बाळांनो, त्याहून मोठा आवाज बसवावा. आणि म्हाताऱ्या माणसांना मागच्या सीटवर कधीही बसवू नये. त्यांना ऐकू येतं.