विलायती भुंगा

आनंदरावांना एकच वाईट खोड होती. 'मला ठाऊक नाही' हे तीन शब्द त्यांच्या तोंडून कधी निघत नसत.

भोर संस्थानच्या कचेरीत ते नक्कलनवीस होते. दुसऱ्यांनी लिहिलेले कागद सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहायचे आणि मधूनमधून खिडकीतून नीरेकाठची झाडं बघत बसायचं, ही त्यांची नोकरी. (झाडं बघण्याचा पगार मिळत नव्हता, तरी ते काम ते जास्त मन लावून करत.)

भाटघरचं धरण पुरं होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. तिथल्या एका साहेबाचा खानसामा मन्सूर एका संध्याकाळी त्यांना वाटेत भेटला. त्यानं पिशवीतून एक लाकडी वस्तू काढली. मध्ये बारीक, दोन्ही टोकांना फुगीर. सोबत वीतभर लांबीच्या दोन काठ्या, एकाच लांब दोरीच्या दोन टोकांना बांधलेल्या.

"सायेब विलायतेला गेलं. पेटी झाडताना ह्ये घावलं," मन्सूर म्हणाला. "तुमी शिकलेलं मानूस. काय आसंल ओ ह्ये?"

आनंदराव गूढ हसले. "घरी नेतो. सवडीनं सांगतो."

नेली नसती, तर पुढचं काहीच झालं नसतं.

घरी अंबूबाईंनी ती वस्तू उलटसुलट करून पाहिली. "डमरू हाय जणू. कातडं उंदरांनी खाल्लं आसंल."

"विलायतेत कुठला आलाय शंकर!" आनंदराव म्हणाले. बायको वेल्ह्याकडची, अक्षरओळख नसलेली; तेव्हा तिचं चुकणारच, असा लग्नापासूनचा त्यांचा समज होता. (लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि समजाची तपासणी राहून गेली होती.)

दुसऱ्या दिवशी ते रखमाजी कातारीकडे गेले. रखमाजी लाटणी, भोवरे, पाळण्याचे खूर कातून द्यायचा. त्यानं वस्तू उजेडात धरली, हुंगली आणि मधल्या खाचेवरून नख फिरवलं.

"लाकूड आपल्याकडलं न्हाई. पर ही कंबर बगा, घासून गुळगुळीत झालीया. हिच्यावर दोरी फिरलीया. ह्यो भवराच हाय. आपला भुईवर फिरतो, ह्यो दोरीवर फिरत आसंल."

"पण फिरवायचा कसा?"

"त्ये मला ठावं न्हाई. म्या लाकूड वळकतो, खेळ न्हाई."

एवढं कसबी माणूस इतक्या सहज 'ठावं न्हाई' म्हणतं, याचं आनंदरावांना नवल वाटलं. पण ते नवल कचेरीच्या पायरीपर्यंतच टिकलं.

"दोरीवरचा भोवरा!" त्यांनी शिरस्तेदारांना सांगितलं. "विलायतेत मोठमोठे लोक खेळतात."

"तुम्हाला येतो?"

"येतो म्हणजे! पिंपळाच्या शेंड्याएवढा उंच उडवून दोरीवर झेलतो."

शिरस्तेदारांनी चष्मा वर सरकवला. अव्वल कारकुनाच्या जागेसाठी कुणाचं नाव वर पाठवायचं, हे त्याच महिन्यात शिरस्तेदार ठरवणार होते. "मग रविवारी चहाला येतोच. बघू तरी."

आता हातात चार दिवस होते. आनंदराव रोज परसात उभे राहून काठ्या धरत, दोरीवर भोवरा ठेवत, आणि भोवरा त्यांच्या पायावर पडे. एकदा तो म्हशीच्या आंबोणात गेला. एकदा शेजारच्या ठकुबाईंच्या पापडांत. मग ते दमून ओट्यावर बसत आणि डोळे अर्धवट मिटत. मिटल्या डोळ्यांपुढे मात्र भोवरा फार सुरेख चाले. तो दोरीवरून सुटे, कौलांवरून, पिंपळावरून, रोहिड्याच्या बुरुजावरून तरंगत जाई. ढगाला टेकून हलकेच खाली येई आणि पाखरू फांदीवर बसावं तसा दोरीवर बसे. खाली शिरस्तेदार टाळ्या वाजवत. चार दिवसांतली निम्मी तालीम अशी ओट्यावरच पार पडली.

रविवारी शिरस्तेदार आले. बरोबर कचेरीतले तिघे. खुद्द मन्सूरही कुंपणापाशी येऊन उभा राहिला.

पहिल्या खेपेला भोवरा शिरस्तेदारांच्या मांडीवर पडला. दुसऱ्या खेपेला चहात.

"वाऱ्यामुळे," आनंदराव म्हणाले. पानही हलत नव्हतं.

तिसऱ्या खेपेला तो शिरस्तेदारांच्या पगडीवर आदळला. कुणी हसलं नाही, आणि तेच फार वाईट होतं.

तेव्हा दाराआडून हलकेच आवाज आला, "आवं, ताक घुसळत्यात तसा हात चालवा की. उजवा वढायचा, डावा नुसता ढिला सोडायचा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"वहिनी," शिरस्तेदार पगडी सावरत म्हणाले, "तुम्हीच दाखवा."

अंबूबाई नको नको म्हणाल्या. पण शिरस्तेदार वडीलधारे. शेवटी त्यांनी पदर खोचला आणि काठ्या हातात घेतल्या. भोवरा भुईवर ठेवून खालून दोरी घातली. उजवा हात ओढला, डावा सोडला. पुन्हा ओढला. भोवरा उचलला गेला, डगमगला आणि दोरीवर ताठ उभा राहिला. मग तो गुणगुणू लागला.

आधी भुंग्यासारखा बारीक, मग भरून आलेल्या मोहोळासारखा. परस त्या नादानं भरून गेलं. म्हशीनं रवंथ थांबवला. अंबूबाई भोवऱ्याकडे बघतही नव्हत्या. वेल्ह्याच्या डोंगरांकडे कुठंतरी त्यांची नजर लागली होती; डोळ्यांपुढे माहेरची पहाट, आईशेजारी धरलेली रवीची दोरी. ओठांवर हसू होतं. आणि मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी दोन्ही काठ्या झटकन फाकवल्या. भोवरा सरळ आभाळात गेला. पिंपळाच्या शेंड्यापाशी क्षणभर उन्हात थांबला, आणि खाली आला तो अलगद दोरीवर.

"या अल्ला!" मन्सूर कुंपणापलीकडून म्हणाला.

आनंदराव बघतच राहिले. भोवऱ्याकडे नव्हे, बायकोकडे. नऊ वर्षं या बाईला आपण नीट पाहिलंच नाही, असं त्यांच्या मनात आलं. अपमान कुठल्या कुठे गेला. पाहुणे गेल्यावर त्यांनी घसा खाकरला.

"अगं, मला ठाऊक नाही. शिकवशील?"

अंबूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "शिकवीन की. पर आदी रवीवर हात बसवा."

अव्वल कारकुनाची जागा दुसऱ्याला मिळाली. आनंदराव रोज सकाळी कचेरीचा कोट खुंटीला अडकवून रवीपुढे बसू लागले. अंबूबाई शेजारी बसून "डावा ढिला, डावा ढिला" म्हणत, आणि बोलता बोलता माहेरच्या गोष्टी सांगत. आनंदरावांना त्या ऐकता ऐकता कचेरीला उशीर होई. महिना गेला. भोवरा अजून पायावरच पडत होता.

एका सकाळी ठकुबाई दारात उभ्या राहिल्या. डोक्यावर भलं मोठं मडकं. आनंदरावांना वाटलं, पापडांची तक्रार आली.

"अंबूबाई," त्या म्हणाल्या, "आमचंबी एवडं दही भावजींकडनं घुसळून घ्या की. सगळी आळी म्हनतीया, त्यांच्या हातानं लोनी लई बिगीनं येतं."