एकमताने दगड

ज्या जागेतून काढण्यासारखं सगळं काढून झालेलं असतं, ती जागा जनतेला अर्पण करण्याची प्रथा सर्वच सुधारलेल्या देशांत आढळते. ओहायो राज्यातलं हार्लन्स फोर्ड हे गाव याला अपवाद नाही. गावाबाहेरच्या खाणीतून एका कंपनीने पिढ्यान्‌पिढ्या चुनखडी उपसली. चुनखडी संपल्यावर खाली काळ्या पापुद्र्यांचा दगड लागला. त्याची ना भिंत होते ना रस्ता. कायद्याप्रमाणे आता खड्डा बुजवून द्यायला हवा होता. पण बुजवायला खर्च येतो. दान करायला येत नाही, उलट करात सूट मिळते. तेव्हा कंपनीच्या मनात विज्ञानाविषयी एकाएकी प्रेम दाटून आलं, आणि एका शनिवारी बँड लावून त्या खड्ड्याचं ‘सार्वजनिक जीवाश्म उद्यान’ झालं. (खड्डा तोच. भोवती कुंपण आलं आणि मोटारी लावायला जागा झाली, एवढंच.)

या उद्यानात कोणीही यावं, खणावं आणि सापडेल ते घरी न्यावं, असा उदार नियम आहे. उदारपणालाही काही शिस्त हवी म्हणून कुदळ, हातोडी, छिन्नी आणि फावडं आत नेता येत नाही. खणायचं ते नखांनी. प्रवेशद्वाराशी दोन फलक आहेत. डावीकडचा फलक सांगतो की इथले जीव कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात सुखाने नांदत होते. उजवीकडचा सांगतो की ते नोहाच्या महापुरात वाहून आले, म्हणजे हल्लीहल्लीचेच. उद्यानाच्या समितीचं धोरण निःपक्षपाती असल्यामुळे ज्याला जो फलक पटेल त्याने त्या बाजूने आत जावं. आत गेल्यावर दोन्हीकडची मंडळी शेजारी शेजारी गुडघे टेकून उकरतात, आणि ‘फार जुनं दिसतंय हो!’ या मुद्द्यावर त्यांच्यात कधीही मतभेद होत नाहीत.

रिकाम्या हाताने इथून कोणी जात नाही. प्रत्येकाला निदान ‘शोधकर्ता’ असं प्रमाणपत्र मिळतंच. गेल्या अहवालानुसार शंभरातले एकशे चार पाहुणे समाधानी होते (बरोबर आणलेली कुत्री धरून).

एकच कलम जरा अडचणीचं आहे. शास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचं काही सापडलं, तर ते विद्यापीठाला कळवावं लागतं. मग विद्यापीठ येतं, दोऱ्या बांधतं, उद्यानाला टाळं लावतं आणि दात घासायच्या ब्रशाने वर्षानुवर्षं माती झाडत बसतं. शेजारच्या परगण्यात एका उद्यानात अर्धा हत्ती सापडला होता (प्राचीन, केसाळ). उद्यान बंद झालं, त्यापाठोपाठ मोटेल, त्यापाठोपाठ पॅनकेकचं दुकान. हत्तीचा उरलेला अर्धा भाग अजून शोधतायत. तेव्हापासून हार्लन्स फोर्डच्या उद्यानात महत्त्वाचं म्हणावं असं काहीही सापडलेलं नाही, आणि समितीला याचा सार्थ अभिमान आहे.

अशा या उद्यानात डेलबर्ट क्विगली एका शनिवारी सकाळी बादली घेऊन आला.

डेलबर्टने जन्मभर लोकांच्या छपरांना पन्हळी बसवल्या आणि नुकताच तो निवृत्त झाला होता. माणूस सरळ. कोणाच्या अध्यातमध्यात नाही. त्याच्या आयुष्यात सल एकच होता, आणि तो बायकोच्या थोरल्या भावाच्या घरी, दिवाणखान्यात, काचेच्या घुमटाखाली ठेवलेला होता. मेव्हण्याचं नाव ऑर्विल स्टकी. उद्यान नवं असताना ऑर्विलला तिथे एक ट्रायलोबाइट सापडला होता. ट्रायलोबाइट म्हणजे समुद्रातला एक नामशेष किडा. दिसायला चपलेखाली आलेल्या झुरळासारखा, पण दगडाचा. हा ऑर्विलचा किडा बाटलीच्या बुचाएवढा होता. त्याच्या जोरावर ऑर्विलने गावात मोटेल काढलं, मोटेलला त्या किड्याचंच नाव दिलं, आणि दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळं घर जेवायला बसलं की भाजलेली टर्की कापायच्या आधी तो किडा मखमलीवर ठेवून पंगतीत फिरवायची चाल पाडली. टर्की निवत राहायची. किडा डेलबर्टपाशी आला की ऑर्विल मोठ्याने विचारायचा, “डेल, हात धुतलेस ना रे? पन्हळीतून उठून आला नाहीस ना?” सगळे हसायचे. डेलबर्टही हसायचा. हसण्यावाचून दुसरं काय करणार? घर मेव्हण्याचं, टर्कीही त्याचीच.

बायको मर्ना घडीची खुर्ची आणि अंड्याची सँडविचेस घेऊन बरोबर आली होती. आदल्या दोन दिवसांत धो धो पाऊस झाला होता आणि खड्ड्याची कड ओली होऊन सुटत होती.

“नक्की काय शोधतोयस?” मर्नाने विचारलं.

“मोठं काहीतरी.”

“कशाहून मोठं?”

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं.

दुपारपर्यंत त्याच्या बादलीत शिंपले आणि शिंगासारखी पोवळी जमली. ती इथे कोणालाही सापडतात. न शोधताही बुटाच्या तळव्याला चिकटून घरी येतात. मग जेवण झाल्यावर तो कडेच्या ढासळलेल्या भागात हात घालून ओढत असताना पापुद्र्यांचा एक गठ्ठा सुटला, आणि आत काळं, गुळगुळीत, चमकदार असं काहीतरी दिसलं. आधी ते बशीएवढं वाटलं. माती दूर केली तसं ताटाएवढं झालं. शेवटी परातीएवढा एक जाडजूड तुकडा उघडा पडला. त्याच्या एका कडेला सुळ्यासारखी दोन पाती होती आणि वरच्या अंगाला गोल खोबण. त्या खोबणीतून काहीतरी आपल्याकडे बघतंय असं डेलबर्टला वाटलं. तो घाबरून मागेच सरला.

गर्दी जमायला वेळ लागला नाही. गावातल्या शाळेचे विज्ञानाचे मास्तर, मिस्टर लिंडक्विस्ट, वर्गाच्या सहलीबरोबर आले होते. ते गर्दीतून वाट काढत पुढे आले, वाकले आणि ओरडलेच. “जबडा आहे हा! चिलखती मासा! एवढा मोठा इथे कोणी पाहिलेला नाही हो!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंडियानाहून आलेल्या एका गृहस्थाने डेलबर्टच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. एका म्हाताऱ्या बाईंनी त्याचा चिखलाचा हात दोन्ही हातांत धरून दाबला. आजवर लोकांनी डेलबर्टची फक्त पाठ पाहिली होती, तीही शिडीवर. तोंडाकडे बघून कोणी टाळ्या वाजवतंय हे त्याला नवीन होतं. त्याने डोळे पुसले, त्यामुळे गालांना चिखल लागला, तो फोटोत आहे.

एवढ्यात समितीच्या अध्यक्षा लाव्हॉन पेटिबोन आल्या. लाव्हॉनबाई घरं विकतात, दाराशी आइस्क्रीमची गाडी चालवतात, आणि उरलेल्या वेळात विज्ञानाची सेवा करतात.

“मासा कोण म्हणालं?” त्यांनी शांतपणे विचारलं.

सगळ्यांनी लिंडक्विस्ट मास्तरांकडे पाहिलं. शाळेच्या प्रयोगशाळेचं गळकं छप्पर समिती या उन्हाळ्यात दुरुस्त करून देणार होती. मास्तरांनी पुन्हा वाकून पाहिलं आणि या बाजूने ते थोडं वेगळंही वाटू शकतं, असं मत दिलं. मग ते मुलांना मोजायला निघून गेले.

लाव्हॉनबाईंनी बाहेरगावच्या मंडळींना आइस्क्रीमच्या गाडीकडे पाठवलं (आज फुकट), आणि गावच्या लोकांना खड्ड्यातच थांबवून घेतलं. “क्विगली, आधी मनापासून अभिनंदन. आता ऐका. हे महत्त्वाचं ठरलं तर विद्यापीठ येणार. हे तुम्हाला घरी नेता येणार नाही, उद्यानाला टाळं लागणार, आणि गावाचं काय होणार ते शेजारी जाऊन बघून या. हा साधा दगड ठरला, तर तुमचा तुम्ही घेऊन जा. प्रमाणपत्र मी आत्ता देते.”

“पण लाव्हॉन, याला दात आहेत,” मर्ना म्हणाली.

“दात मलाही आहेत, मर्ना. म्हणून मला बघायला कधी विद्यापीठ आलं का?”

समितीच्या घटनेत अशा प्रसंगी हजर असलेल्या ग्रामस्थांनी हात वर करून निर्णय घ्यावा असं म्हटलेलं आहे. तो मात्र एकमताने हवा. एकाने जरी हात खाली ठेवला, तरी प्रकरण विद्यापीठाकडे जातं. लोकशाहीत एवढी काळजी घ्यावीच लागते.

“दगड आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी,” लाव्हॉनबाई म्हणाल्या, आणि हात वर होऊ लागले. पेट्रोलपंपवाला, टी-शर्टवाली, पॅनकेकवाला. पाद्रीबाबांनीही हात वर केला. त्यांच्या फलकाप्रमाणे हा मासा असला तरी अलीकडचाच असल्याने महत्त्वाचा नव्हता. मर्ना नवऱ्याकडे बघत राहिली. तो करेल ते ती करणार होती. राहता राहिला डेलबर्ट. त्याचे दोन्ही हात माशावर होते.

तेवढ्यात घरातल्या सपाता घालून ऑर्विल धापा टाकत आला. कोणीतरी मोटेलवर फोन केला होता. त्याने डेलबर्टला दंडाला धरून बाजूला घेतलं.

“डेल, अरे आपण घरचे ना?”

“आहोत की.”

“उद्यान बंद झालं तर माझ्या मोटेलात कोण उतरणार? उंदीर?”

आयुष्यात पहिल्यांदाच ऑर्विल डेलबर्टकडे मान वर करून बघत होता. तो खड्ड्यात खालच्या बाजूला उभा होता म्हणून असेल, पण बघत होता.

“तुझ्या किड्यापेक्षा मोठा आहे म्हण,” डेलबर्ट म्हणाला.

“मोठा आहे.”

“सगळ्यांसमोर म्हण.”

“अरे बाबा, सगळ्यांसमोर तो दगड आहे! दगड किड्यापेक्षा मोठा निघाला, यात सांगायचं काय?” ऑर्विल काकुळतीला आला. “हे बघ, तो किडा मी पुन्हा पंगतीत काढणार नाही. आईशपथ. तुझी हात धुण्यावरून चेष्टा करणार नाही. बास?”

डेलबर्टने बराच वेळ विचार केला. त्याच्या मनात आलं की मासा म्हटलं तर तो जाणार आणि नाव राहणार. दगड म्हटलं तर नाव जाणार आणि तो राहणार. त्याला दोन्ही हवं होतं. पण मागे सगळं गाव हात वर करून उभं होतं आणि काहींचे हात दुखायला लागले होते. तो परत माशापाशी गेला, एक हात त्यावर ठेवला आणि दुसरा वर केला. मर्नानेही केला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी हात खाली घेतले आणि चोळले.

प्रमाणपत्रावर ‘दगड, साधा, एक नग’ असं लिहून मिळालं.

त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगला ऑर्विलने शब्द पाळला. काचेचा घुमट उचलला गेला नाही. टर्की गरमागरम कापली गेली. मात्र पंगत शांत शांत वाटायला लागली, तेव्हा ऑर्विलने काटा खाली ठेवून, घसा साफ करून, आपल्या मेव्हण्याला एकदा साधा दगड सापडला आणि तो मासा समजून कसा रडला, ते साग्रसंगीत सांगितलं. फोटोही आणवला होता. चिखलाचे गाल बघून भाचे हसून हसून खुर्चीवरून पडले. डेलबर्टच्या जिभेवर उत्तर आलं होतं; पण त्याच टेबलाभोवती त्या दिवशी हात वर करणाऱ्यांपैकी निम्मे बसले होते, आणि खरं बोललं तर समोरच्याचं मोटेल जाणार होतं. त्याने बटाटे मागून घेतले. पुढच्या वर्षीही ती गोष्ट झाली. आता ती दरवर्षी होते.

दगड सध्या मागच्या दाराशी असतो. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. मर्ना पावसाळी बूट त्याच्या सुळ्यांना अडकवून वाळवते. परवा संध्याकाळी दार लावताना डेलबर्ट त्याच्याकडे बघत उभा राहिला.

“मर्ना, मला वाटतं दगडच असावा.”

“डेल, मला दात दिसतायत.”

“उजेडाने तसं वाटतं,” डेलबर्ट म्हणाला, आणि त्याने दार ओढून घेतलं. हे तो कोणाला समजवायला म्हणाला नव्हता. त्याला खरोखरच तसं वाटलं होतं, आणि वाटल्यावर बरं वाटलं.

त्यानंतर समितीने त्याला ओळख-उपसमितीवर घेतलं. अनुभवी माणूस म्हणून. शनिवारी तो टोपी घालून खड्ड्याच्या काठाशी बसतो आणि लोकांनी धापा टाकत आणून दाखवलेल्या वस्तू हातात घेऊन, हळुवारपणे, त्यांना वाईट वाटणार नाही अशा बेताने, तो दगड असल्याचं सांगतो. त्याच्यावर लोकांचा विश्वास बसतो. उद्यान जोरात चाललंय.

हे वाचून ज्यांना हसू आलं असेल, त्यांचं काही चुकलं नाही. मासा तो मासा. तो का हात वर करून ठरवायचा असतो? आपल्याकडे असा प्रकार चालायचा नाही. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत, जिथे आता पार्किंग आहे तिथून पूर्वी ओढा वाहायचा की तिथे कधी काहीच नव्हतं, हा विषय निघाला, तेव्हा आपण हात वर केलेला नव्हता. आपण वेफर्सची बशी शेजारच्याकडे सरकवत होतो, आणि सचिवांनी ते एकमत धरलं.