खंडू साळिंदराची आडवी रेघ

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना पोटात धडधडलेलं फार आवडायचं. वरात असो, बारसं असो, नाहीतर नुसताच रविवार असो, सबवूफर लागलाच पाहिजे. सबवूफर म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहेच. गाण्यातले शब्द कळू न देता नुसतं ढम्म ढम्म करतो, तो मोठा डबा.

हे डबे बनवणारे जंगलात दोघंच होते. एक रंगराव कोल्हे, दुसरा खंडू साळिंदर. रंगरावांचा डबा चकचकीत आणि वर निळे दिवे. खंडूचा डबा साधा लाकडी, पण सांधे असे बसवलेले की मुंगीला आत जायला फट सापडू नये.

डब्यात किती दम आहे, हे मोजायची जंगलाची एक जुनी रीत होती. डबा सिंहमहाराजांच्या गुहेत न्यायचा आणि वाजवायचा. छताला वटवाघळं लटकलेली असत. जितकी खाली पडतील तितका डबा भारी. "आमच्याकडे सात वटवाघळांचा आहे हो," असं अस्वलीणबाई सहज म्हणून चार घरी सांगून यायच्या.

त्या वर्षी महाराजांनी दवंडी पिटवली. एका जंगलाला डबे बनवणारा एकच पुरे. जिंकेल तो राजवूफरकर. हरेल त्याने कारखाना बंद करायचा.

खंडूची झोप उडाली. हा धंदा त्याने स्वतः शिकून, चटके खाऊन उभा केला होता. त्याला दुसरं काही येतही नव्हतं.

"गुहेत रंगरावच जिंकणार," तो बायकोला म्हणाला. "त्यांच्या डब्याला एकच सूर नीट येतो आणि तो नेमका गुहेचा लाडका. डबा थोडंसं बोलतो, बाकीचं गुहाच बोलते."

"मग जिथे मधे बोलायला कुणी नाही, तिथे मोजा की," साळीणबाई भाकरी थापता थापता म्हणाली.

खंडू तडक दरबारात गेला. मोजणी मोकळ्या माळावर व्हावी, अशी विनंती त्याने केली. महाराजांनी लगेच मान्य केली. त्यांना तेवढीच सहल.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळे माळावर जमले. वारा पडला होता. खंडूने माळाच्या मधोमध डबा ठेवला. आसपास ना झाड, ना कातळ. वीस पावलं मोजून त्याने माइक चक्क जमिनीवर आडवा ठेवला.

"माइकला झोप आली काय?" रंगरावांनी विचारलं. माकडं हसली.

"जमिनीवर ठेवला की जमिनीवरून उलटून येणारा आवाज वेगळा येऊन घोटाळा करत नाही," खंडू म्हणाला. "आता कृपा करून कुणी खोकू नका."

मग त्याने एकेक सूर वाजवला. आधी वरचा, मग त्याच्या खालचा, मग आणखी खालचा. दर सुराला आवाज किती भरला, ते पाहून कागदावर ठिपका दिला. शेवटी ठिपके जोडले. रेघ खालच्या सुरांपर्यंत सरळ आडवी गेली, पार हत्तीच्या पोटातल्या गुरगुरीपर्यंत. खंडूचे डोळे भरून आले. इतकी सरळ रेघ त्याने आयुष्यात काढली नव्हती.

मग रंगरावांचा डबा लावला. त्याची रेघ एकदाच टेकाडासारखी वर गेली आणि पुढे दरीत कोसळली. खालच्या सुरांना डबा नुसता फुरफुरला.

खंडूने दोन्ही कागद महाराजांपुढे ठेवले. महाराजांनी ते बराच वेळ न्याहाळले.

"तुझी रेघ वर कुठे जाते?"

"ती वर जायची नसते, महाराज. सरळ असली म्हणजे डबा सगळ्या सुरांना सारखा न्याय देतो."

"रेघ वर गेली नाही तर राज्याची प्रगती कशी दिसणार? रंगरावांची बघ, एकदा तरी वर गेली आहे. बरं, ते असू दे. वटवाघळं किती पडली?"

"इथे वटवाघळं नाहीत, महाराज."

"म्हणजे शून्य," महाराज म्हणाले. "दोघांनाही शून्य."

सभेत कुजबुज सुरू झाली. तेव्हा रंगराव हात जोडून पुढे आले.

"महाराज, खंडूभाऊंची पद्धत उत्तम आहे. जंगलाने ती स्वीकारलीच पाहिजे. फक्त या मैदानाला छप्पर नाही, एवढीच उणीव आहे."

महाराजांना ते एकदम पटलं. तीन महिन्यांत माळावर चार भक्कम भिंती उभ्या राहिल्या, वर छप्पर आलं. कोनशिला बसली. नाव ठेवलं 'खुले मैदान मापन भवन'. गुहेतली वटवाघळं वाजतगाजत तिथे हलवली.

फेरमोजणीत खंडूची चार वटवाघळं पडली. रंगरावांची अकरा. रंगराव राजवूफरकर झाले. खंडूने कारखान्याला कुलूप लावलं आणि दारातच बसून राहिला.

पण महाराज दयाळू होते. त्यांनी खंडूला बोलावून घेतलं.

"कल्पना तुझी होती, हे आम्ही विसरलेलो नाही. आजपासून तू या भवनाचा मुख्य मोजणी अधिकारी."

समोर रंगरावांच्या डब्याचा दाखला होता. 'मोकळ्या मैदानात मोजला. अकरा वटवाघळं.' खाली सहीची जागा.

"महाराज," खंडू हळूच म्हणाला, "वर छप्पर आहे."

"छपराचं आम्ही बघतो. तू सही कर."

खंडूला घरची चार तोंडं दिसली. त्याने सही केली. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की घरी जाईपर्यंत त्याने मान वर केली नाही.  साळीणबाईने ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी तो वेळेवर कामावर हजर झाला. दाखल्यांचा गठ्ठा टेबलावर आधीच येऊन पडला होता.

तात्पर्य: मुलांनो, खरं काय ते मोकळ्या जागेतच कळतं. म्हणून शहाण्या राजाला मोकळी जागा दिसली की तो आधी तिच्यावर छप्पर घालतो, आणि ज्याला खरं कळलं आहे त्याला आत नोकरी देतो.