गाडी हितं संपत न्हाय

गणपतराव साळोखे कुणाच्याही घरी आले की चहा प्यायचे, पान खायचे, गप्पा हाणायचे. तोवर सगळं चार माणसांसारखं. पण निघायची वेळ झाली की उंबऱ्यात उभे राहायचे, डावीकडं बघायचे, उजवीकडं बघायचे आणि कोटाच्या खिशातली पितळी शिट्टी काढून अशी फुंकायचे की शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडायला बघायची. मग दुसऱ्या खिशातलं हिरवं फडकं हलवायचे आणि चालू पडायचे. स्वतःच गार्ड आणि स्वतःच गाडी. पहिल्या पहिल्यांदा आमच्या मातोश्रींच्या हातून भांडी पडायची. पुढं त्यांनाच इतकी सवय झाली, की शिट्टी ऐकल्याबिगर त्या दाराला कडी घालीनात.

अख्खी पेठ त्यांना गार्डमामा म्हणायची. तुम्ही म्हणाल, रेल्वेत नोकरीला असतील. छे हो! मामांची पिठाची गिरणी होती. सकाळी गिरणीचं इंजिन पुकपुकायला लागलं की मामा आत जायचे आणि संध्याकाळी भुवया-मिशांसकट पांढरेफटक होऊन बाहेर यायचे. रेल्वेशी संबंध एवढाच, की दर रविवारी ते मिरजेची गाडी बघायला स्टेशनावर जायचे, आणि जाताना मला ओढून न्यायचे. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर. मला रविवारी दुपारी झोप लागते आणि ती मला प्रिय आहे, हे मी त्यांना कितीदा सांगितलं. पण ऐकेल तो मामा कसला!

तर एकदा गाडीतून उतरलेल्या एका परगावच्या माणसानं सहज विचारलं, "हे शेवटचं स्टेशन ना?"

मामांनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "पावणं, शेवटचं म्हणून कुणी सांगितलं तुमास्नी? गाडी हितं संपत न्हाय. हितं अडलीया."

तो बिचारा ट्रंक उचलून पळाला. पण मामांचं हे वाक्य जे सुरू झालं ते जन्मभर. कोल्हापूरला रूळ संपतात हा त्यांना स्वतःचा अपमान वाटायचा. राधानगरी, दाजीपूरचं रान, फोंड्याचा घाट आणि खाली कोकण, इथवर रूळ गेलेच पाहिजेत आणि जाणारच, असं ते गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पिठाचा डबा ठेवता ठेवता सांगायचे. गिऱ्हाईक व्हय व्हय म्हणायचं. पीठ गरम असतं, डोकं भाजतं, वाद कोण घालणार?

ह्या हट्टाला एक कारण होतं आणि ते जरा हसण्यासारखं होतं. जवानीत तालमीत घाम गाळलेला, ज्वारीचं पोतं एका हिसक्यात पाठीवर घेणारा हा गडी मोटारीत बसला की खलास व्हायचा. मोटार लागायची हो त्यांना! त्यांची एकुलती एक लेक शेवंता घाटाखाली फोंड्याच्या बाजूला दिलेली. तिच्या पहिल्या मुलाच्या बारशाला मामा जरीचा फेटा बांधून, बाळाची चांदीची साखळी खिशात घालून मोटारीनं निघाले. राधानगरीपर्यंत लिंबू हुंगत तग धरला. दाजीपूरच्या वळणांना मात्र जे सुरू झालं, ते ड्रायव्हरनं हात जोडून मोटार थांबवली तेव्हाच थांबलं. मामा तिथंच रस्त्याकडेला आडवे झाले, साखळी एका सहप्रवाशाच्या हाती पुढं धाडली, आणि मिळेल त्या बैलगाडीनं परत आले.

झाल्या गोष्टीचा व्याह्यांनी कोकणभर गवगवा केला. कोल्हापूरचा पैलवान दाजीपूरला चितपट! हे मामांच्या कानावर आलं मात्र, त्यांनी भर गिरणीत शपथ घेतली, की रूळ पडल्याबिगर मी घाट उतरणार न्हाय. मोटारीनं न्हाय, बैलगाडीनं न्हाय, चालत न्हाय. मामींनी कपाळाला हात लावला. कारण तिकडं शेवंताही बापावरच गेलेली. लग्नानंतर एकदा माहेरी आली ती मोटारीतून अर्धमेली उतरली आणि आठवडाभर अंथरुणाला खिळली. त्यात पुढं पदरी दोन लेकरं झाली, मग सासरच्यांनी तिला धाडणंच बंद केलं. बाप घाट उतरेना, लेक घाट चढेना. पेठेला हसायला विषय झाला. मामा मात्र त्या दिवसापासून लेकीचं नाव काढीनासे झाले. कुणी विचारलं तर "बरी हाय" म्हणायचे आणि जात्यात ज्वारी ओतायचे.

त्याच सुमाराला संस्थान विलीन झालं आणि जहागीरदारांच्या घरांतल्या चिजा बाजारात यायला लागल्या. कुणी झुंबरं घेतली, कुणी आरसे घेतले. मामांनी काय घ्यावं? एक विलायती खेळण्यातली आगगाडी! चावीचं इंजिन, तीन डबे आणि गोल फिरणारे पत्र्याचे रूळ. इंजिनाची स्प्रिंग मोडलेली, म्हणून मामा ते धोतराच्या सोग्यात घालून घड्याळवाल्या कासमभाईंकडं घेऊन गेले. कासमभाईंनी भिंतीवरच्या घड्याळाची स्प्रिंग त्यात बसवली. इंजिन दुकानातून सुटलं ते थेट गटारात. दोघांनाही इतका आनंद झाला, की त्याच दिवशी 'करवीर छोटी रेल्वे मंडळ' स्थापन झालं. अध्यक्ष मामा, लोको विभाग कासमभाई, आणि मला न विचारता माझ्याकडं डोंगर विभाग. "मास्तर, तुमी घाट काढा. रंग माझ्याकडनं," असा हुकूम आला. रंग काही आला नाही. घाट मात्र मी काढला. पोती, चिंध्या, खळ आणि कागदाचा लगदा ह्यांतून गिरणीच्या माळ्यावर मी असा घाट उभा केला, की माझा मीच खूश झालो. मग त्यावर खालून पीठ उडायला लागलं. आठवडाभरात फोंड्याचा घाट हिमालय झाला. मी रोज झटकायचो, रोज बर्फ पडायचं.

पत्र्याचं काम करणाऱ्यांकडून पट्ट्या वाकवून घेऊन आम्ही रूळ वाढवले. कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर, अशी स्टेशनं मांडली. पाट्या मी रंगवल्या. माणसं मामा कणकेची करायचे. हमाल, चहावाला, स्टेशनमास्तर. ती उंदीर खायचे. राधानगरीला एकही स्टेशनमास्तर जास्त दिवस टिकला नाही. मामा मुकाट्यानं नवीन नेमणूक करायचे. घाटात इंजिन दमायचं, तेव्हा मामा मागच्या डब्याला बोट लावायचे. खऱ्या घाटात मागून जोर द्यायला दुसरं इंजिन लावतात, तसं ते बोट. त्या बोटाला आम्ही अदबीनं 'मागचं इंजिन' म्हणायचो.

घाट उतरला की शेवटचं एक स्टेशन होतं. त्याला पाटी नव्हती. मी रंगवायला घेतली तर मामा म्हणाले, "नगं. र्‍हाऊ द्या." तिथं कणकेचं एकच माणूस, काखेला काहीतरी गाठोडं घेतलेलं, हाताला पिशवीसारखा एक गोळा चिकटलेला. मला वाटलं हमाल, म्हणून मी त्याला तांबडं पागोटं रंगवलं. मामांनी ते नखानं खरवडून काढलं आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. शिवाय बाकी सगळीकडं गाडी थांबते न थांबते तोच शिट्टी व्हायची, पण ह्या बिननावाच्या ठिकाणी गाडी थांबायची ती थांबायचीच. कासमभाईंची बिडी ओढून व्हायची. मी वैतागून विचारायचो, अहो मामा, ना नाव ना गाव, इथं काय घोडं पेंड खातंय? मामा म्हणायचे, "थांबणार. शिस्त म्हंजे शिस्त." मग इंजिनाचं तोंड फिरवून गाडी परत घाटाकडं सुटायची, आणि ते कणकेचं माणूस तिथंच फलाटावर उभं राहायचं.

मामी माळ्यावर कधी चढल्या नाहीत. "गिरणीचं वाटोळं करून पोरखेळ मांडलाय म्हाताऱ्यानं," असं त्या खालूनच ओरडायच्या. एका परीनं खरं होतं. जातं सुरू झालं की माळा थरथरायचा आणि गाडी दरीत पडायची. मंडळाला दुसरी जागा पाहिजेच होती.

तेवढ्यात दिवाळीच्या सुट्टीत गावात कला-उद्योगाचं प्रदर्शन भरायचं ठरलं. समितीचे चिटणीस नानासाहेब वकील. त्यांनी आमची रेल्वे पाहिली, खूश झाले, आणि प्रदर्शन पार पडलं की शाळेमागची एक खोली मंडळाला कायमची मिळवून देतो म्हणाले. फक्त एक अट. उद्घाटनाला रेल्वेचे एक मोठे साहेब येणार होते, त्यांच्यापुढं खोटा मार्ग दाखवणं बरं नव्हे. कोल्हापूरच्या पुढचे रूळ काढून टाका, मिरजेच्या बाजूचे मांडा. "वस्तुस्थिती दाखवावी, साळोखे. जे आहे तेच दाखवावं."

मला खोली दिसत होती. मी मामांना म्हणालो, चार दिवसांचा प्रश्न आहे, घाट बाजूला ठेवू, नंतर खोलीत लावू. कासमभाईंनीही मान डोलावली. मामांनी आमच्याकडं अशी नजर टाकली, की आम्ही दोघंही भिंतीकडं बघायला लागलो. मग ते वकिलांना शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, हाय ते समद्यांस्नीच दिसतंय की. त्येला परदर्शन कशाला लागतंय?"

नानासाहेब तापले. रूळ काढले नाहीत तर खोली विसरा, आणि उद्घाटनाआधी टेबलच उचलून बाहेर ठेवू, असं बजावून गेले.

उद्घाटनाच्या दिवशी मामांनी गिरणीला कुलूप लावलं. दसऱ्यालासुद्धा जी पूजा झाल्यावर चालू व्हायची, ती गिरणी बंद! पहाटेच हातगाडीवरून सगळा संसार शाळेच्या हॉलमध्ये आणला, अख्खा मार्ग घाटासकट मांडला आणि घाटाशेजारी स्टूल टाकून बसले. नानासाहेबांनी दोन गडी धाडले. मामा त्यांना म्हणाले, "रूळ उचलायचं तर उचला. पर आदी मला उचला." गड्यांनी मामांचा आकार पाहिला, एकमेकांकडं पाहिलं आणि ते खुर्च्या मांडायला गेले. मामा जागचे हलले नाहीत. पाणी प्यायलासुद्धा नाही. दुपार कलली तेव्हा मामी फडक्यात भाकरी बांधून आल्या, "खावा, न्हायतर इथंच पडाल," म्हणाल्या, आणि मामा हात लावेनात तशी भाकरीचं फडकं तसंच धरून, पहिल्यांदाच ते सगळं लांबून बघत कोल्हापूर स्टेशनाच्या बाजूला उभ्या राहिल्या.

साहेब आले. पिकलेल्या केसांचे, सडपातळ, मराठी चांगलं बोलणारे. नानासाहेब त्यांना आमच्या टेबलावरून घाईघाईनं पुढं नेत होते, तोच मामांनी शिट्टी फुंकली. साहेब जागच्या जागी थांबले. रेल्वेतला माणूस शिट्टीला थांबणार नाही तर काय!

गाडी कोल्हापुरातून सुटली. राधानगरी झाली, दाजीपूर झालं, घाट उतरून त्या बिननावाच्या स्टेशनात आली आणि थांबली. थांबली ती थांबलीच. नानासाहेब घड्याळ बघू लागले. हा मार्ग काल्पनिक आहे, साळोखे जरा विक्षिप्त आहेत, असं ते साहेबांच्या कानाशी लागून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होते.

साहेब खाली वाकून बघत होते. "एवढा वेळ का थांबते हो गाडी इथं?" त्यांनी विचारलं.

हाच प्रश्न आम्ही हजारदा विचारलेला. मला वाटलं, आता शिस्त येणार. पण मामा दिवसभराचे उपाशी, भांडून दमलेले. ते खाली बघत म्हणाले, "साहेब, लेकुरवाळी बाई हाय. एक काखंला, एक हाताला. वर बोचकी. चढायला येळ लागतो तिला."

मी त्या कणकेच्या हमालाकडं पाहिलं. काखेला गाठोडं नव्हतंच ते, पोर होतं. हाताला पिशवी नव्हती, दुसरं पोर होतं. मला इतकं भरून आलं, की मी उगीचच घाटावरचं पीठ झटकायला लागलो.

नानासाहेब म्हणाले, चला साहेब, उशीर होतोय. साहेबांनी हात वर केला. "थांबा. पॅसेंजर चढल्याशिवाय गाडी सोडायची नसते." आणि मामांना अगदी साध्या आवाजात विचारलं, "बसल्या का बाई?"

मामांनी पहिल्यांदाच त्या फलाटावर हात नेला. दोन बोटांनी ती कणकेची बाई उचलली, मधल्या डब्यात अलगद ठेवली, आणि पोरं नीट आहेत का बघितलं.

"बसली," ते म्हणाले.

शिट्टी झाली, हिरवं फडकं हललं. इंजिन घाट चढायला लागलं आणि दाजीपूरच्या वळणावर नेहमीप्रमाणं दमलं. मामांनी मागच्या डब्याला बोट लावलं. ते पिठानं पांढरं झालेलं जाडजूड बोट जराही न काढता त्यांनी गाडी दाजीपूर पार करून दिली. पुढं उतार होता. गाडी आपली आपण राधानगरीवरून धावत कोल्हापूरला आली आणि फलाटाला लागली.

तिथं मामी उभ्या होत्या. त्यांनी फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला, पदर डोक्यावर घेतला आणि तो तुकडा त्या पत्र्याच्या डब्यावरून तीनदा ओवाळला. बाळंतीण माहेरी आली की उंबऱ्यात ओवाळतात तसाच. मग गर्दीतून वाट काढत त्या दारापर्यंत गेल्या आणि तुकडा बाहेर टाकून आल्या.

"लई वाळलीया," त्या मामांना म्हणाल्या.

"परवासाची हाय," मामा म्हणाले, आणि शिट्टी खिशात घालून भाकरी खायला बसले.