जो आधी येईल तो चावलेला

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शेजारच्या कुत्र्याने आमच्या टाचणीला मानेला धरून तीन वेळा झटकले. मी आधी घड्याळ पाहिले, वेळ टिपून घेतली आणि मगच ओरडलो. घटनेची वेळ मागाहून आठवून लिहिली की तक्रार लंगडी पडते, असे मी लोकांना अठ्ठावीस वर्षे सांगत आलो आहे. पालिकेच्या प्राणी विभागात चावा-नोंदणीच्या टेबलावर मी हेडक्लार्क आहे. हद्दीत कोणतेही जनावर कोणालाही चावले की कागद माझ्याकडे येतो. माणूस माणसाला चावला तर तो विभाग वेगळा, आणि तिथे काम जास्त असते.

टाचणी ही माझ्या आत्याची कुत्री. आकाराने एखाद्या जाड फाइलीएवढी, वयाने म्हातारी, डाव्या डोळ्याने अधू. घरात आम्ही तिघेच. मला लहानाचे मोठे आत्याने केले. लग्न मी केले नाही. माझा तो अर्ज कोणत्या टेबलावर अडकला ते शेवटपर्यंत कळले नाही, असे आत्या म्हणते. टाचणीशी ती दिवसभर बोलते आणि उरले तर माझ्याशी.

आमचे शेजारी प्राणिमित्र आहेत. हा त्यांचा धंदा नव्हे, स्वभाव आहे, असे ते स्वतःच सांगतात. प्राणिस्नेही मंडळाचे ते अध्यक्ष. दर रविवारी बागेत मुक्या जिवांच्या भावना या विषयावर तासभर बोलतात. त्यांच्या कुत्र्याचे नाव बाळ. बाळ मागच्या पायांवर उभे राहिले तर अध्यक्षांच्या डोक्यावरून पलीकडचे पाहू शकते. त्याला साखळी नाही, कारण साखळीने मनाचा कोंडमारा होतो.

"अहो, सोडवा की!" आत्या फाटकातून किंचाळली.

"घाबरू नका," प्राणिमित्र शांतपणे म्हणाले. "तो खेळतोय."

"रक्त येतंय हो तिला!"

"खेळताना थोडंफार लागतंच. तुम्ही ओरडू नका, बाळ दचकतं."

आत्याने व्हरांड्यातली बादली उचलून पाणी बाळाच्या तोंडावर फेकले, तेव्हा कुठे त्याने टाचणीला सोडले. समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्यांत नऊ माणसे उभी होती. नऊच्या नऊ जणांच्या हातात मोबाइल होते.

आत्याने टाचणीला टॉवेलात गुंडाळले आणि रस्त्यावर येऊन गाडी थांबवली. "चल लवकर. डॉक्टरकडे जाऊ."

"तू हो पुढे. मी नमुना नऊ भरतो."

"अरे मेल्या, ती मरायला टेकलीय आणि तू काय भरतोस?"

"तीन प्रतींत असतो, आत्या. वेळ लागतो."

यावर आत्या जे बोलली ते कोणत्याही नमुन्यात लिहिण्यासारखे नाही.

नमुना नऊविषयी थोडे सांगायला हवे, कारण तो मी तयार केला आहे. बारा वर्षांपूर्वी आमच्या खिडकीवर रोज बाचाबाची होई. दोन्ही पक्ष एकदम येत, दोघेही आपलेच जनावर चावले गेले म्हणून छाती पिटत. प्रत्येक चाव्याची चौकशी करायची तर तीन माणसे आणि एक गाडी लागली असती. विभागाकडे तेव्हा दीड माणूस होता. मी रात्रंदिवस डोके खाजवून कलम पाच लिहिले: जो आधी नोंद करील तो चावलेला समजावा, जो नंतर येईल तो चावणारा. खरोखर दुखापत झालेला माणूस धावत येणारच, हा त्यामागचा विचार. आठवड्याभरात खिडकीवर चिडीचूप झाले. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि आणखी दोन विभागांनी नमुना उचलला. अपघात विभागात तो आजही उत्तम चालतो.

तर त्या मंगळवारी मी तीन प्रती सुवाच्य अक्षरात भरल्या, खाडाखोड झाली म्हणून एक प्रत पुन्हा लिहिली आणि दहा वाजून वीस मिनिटांनी आमच्याच खिडकीसमोर उभा राहिलो. खिडकीवरच्या बाईंना मीच कामाला लावले आहे. त्यांनी कागद उलटसुलट केला आणि माझ्याकडे असे पाहिले, जसे मी अठ्ठावीस वर्षे लोकांकडे पाहत आलो आहे.

"उशीर केलात, साहेब. दहा वाजून दोन मिनिटांनी तुमचे शेजारी नोंद करून गेले. खिडकी उघडायच्या आधीपासून उभे होते."

"कसली नोंद?"

बाईंनी वाचून दाखवले. बाळावर हल्ला. दातांत केस अडकून यातना. तोंडावर पाण्याचा मारा. तेव्हापासून बाळ उदास असून बिस्किटाकडे पाहतही नाही.

"अहो, पण चावला तो! आमची टाचणी मरता मरता वाचलीय!"

"साहेब, कलम पाच." बाई अदबीने म्हणाल्या. "चावा कोणाचा हे आपण पाहत नाही, आपण वेळ पाहतो. तुम्हीच शिकवलंय."

मला एकदम भरून आले. राग म्हणून नव्हे; इतक्या वर्षांत कोणी माझे इतके नीट ऐकले नव्हते. मी त्यांनी दिलेल्या कागदावर चावणाऱ्याचा पालक म्हणून सही केली आणि माझ्या टेबलावर जाऊन बसलो.

घरी आलो तेव्हा टाचणी आत्याच्या पलंगाखाली होती. मानेला अकरा टाके. डॉक्टरांनी सांगितले होते की जखम खोल आहे, दोन आठवडे जपा, दुसऱ्या कुत्र्याचा वासही लागू देऊ नका, धसक्याने जाईल. मी हात पुढे केला तर ती भिंतीला चिकटली. मी हात मागे घेतला. मग आत्याला खिडकीवरची हकिकत सांगितली.

आत्याने कपाळावर हात मारला. "अरे, ज्याला चावलं तो आधी डॉक्टरकडे पळणार ना? आणि ज्याने चावलं त्याला सकाळी दुसरं काम काय? तोच येऊन बसणार तुझ्या खिडकीवर. एवढंही कळलं नाही तुला बारा वर्षांत?"

खरे सांगतो, नव्हते कळले. कागदावर ते कुठेही दिसत नव्हते.

बुधवारी पाहणी अधिकारी आला. होतकरू माणूस, माझ्याच हाताखाली तयार झालेला. त्याने पलंगाखाली टॉर्च मारून टाके मोजले.

"अकरा," तो लिहिता लिहिता म्हणाला. "प्रतिकाराच्या खुणा."

"कसला प्रतिकार?" आत्या म्हणाली.

"बाळाने स्वतःच्या बचावासाठी केलेला. आजी, अकरा टाके पडेपर्यंत ही मागे हटली नाही, म्हणजे हल्लेखोर किती चिवट असेल बघा. बाळाला एकही टाका नाही. बिचाऱ्याने किती कसोशीने जीव वाचवला असेल."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का रे?"

"त्याचा रकाना नाही, आजी."

मी साक्षीदारांचा मुद्दा काढला. समोरच्या गॅलऱ्यांतल्या नऊही जणांकडे अधिकारी जाऊन आला. घटना घडली हे कोणीच नाकारले नाही. पण आम्ही व्हिडिओ काढत होतो, बघायला वेळ कुठे होता, असे नऊही जणांनी लिहून दिले. व्हिडिओ मिळेल का विचारले, तर त्यांनी तो सुरुवातीचा भाग कापून पाठवला. गाणे लावायला जागा हवी होती म्हणून. त्यात आत्या बादली फेकते तेवढेच दिसते. चार हजार लोकांनी तो पाहिला आणि आत्याच्या वयाला न शोभणाऱ्या क्रौर्याबद्दल हळहळ व्यक्त केली.

संध्याकाळी आदेश आला. हल्लेखोर मादीस दहा दिवस पालिकेच्या निरीक्षण पिंजऱ्यात ठेवावे. पिंजरा मी पाहिलेला आहे. एका वेळी वीस-पंचवीस मोठे कुत्रे असतात, मधे नुसती जाळी. टाचणी तिथे एक रात्र काढणार नाही हे सांगायला डॉक्टर नको. आदेशाला एकच पर्याय होता: दोन्ही पक्षांचे सलोखा सत्र. हल्ली प्रत्येक विभागात सलोखा आला आहे. चौकशीपेक्षा तो बरा पडतो, फक्त खुर्च्या गोल मांडाव्या लागतात. सत्र मान्यताप्राप्त तज्ज्ञाने घ्यायचे, त्याच्या निवासस्थानी. आमच्या यादीवर तज्ज्ञ एकच होता. त्याचे फाटक आमच्या शेजारचेच होते.

खिडकीवरच्या बाई मनाने वाईट नाहीत. त्यांनी मला जिन्यात गाठले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, अजून एक वाट आहे. नमुना नऊ तुमचा. तुम्ही स्वतःच्या हाताने 'कलम पाच सदोष' एवढं लिहून दिलंत, तर आदेश आपोआप थांबतो."

आत्याला हे सांगायला नको होते. तिने ताबडतोब माझ्या पुढ्यात कोरा कागद ठेवला आणि पेनाचे टोपण काढून दिले. "लिही."

"आत्या, बारा वर्षांचे निकाल उलटतील. चारशेच्या वर आहेत."

"म्हणजे चारशे जणांना तू असाच चावलास?"

"मी कोणाला चावलो नाही. मी नोंद केली."

"लिही म्हणते ना. तीन शब्द. तुला मी अक्षर गिरवायला शिकवलं ते कशाला?"

मी अर्धा तास कागदासमोर बसलो. 'कलम पाच' एवढे लिहिले. सुरेख आले होते. पुढचा शब्द माझ्या हातून उमटेना. निवृत्तीला अकरा महिने राहिले आहेत, माझ्या जागी येणारा माणूस फाइल उघडेल आणि पहिल्या पानावर माझ्याच हस्ताक्षरात माझी चूक वाचेल, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना. पलंगाखाली टाचणी झोपेत कण्हत होती. ते मला ऐकू येत होते, हेही नोंदवतो. मी पेनाचे टोपण लावले आणि म्हणालो, "सत्राला जाऊ या. तासाभराचा तर प्रश्न आहे."

आत्याने तो कागद उचलून चुरगळला. गुरुवारी सहा वाजता तिने टाचणीला टॉवेलात घेतले.

प्राणिमित्रांच्या दिवाणखान्यात खुर्च्या गोल मांडल्या होत्या. बाळ सोफ्यावर होते. टाचणीने त्याला पाहिले मात्र, तिने आत्याच्या मांडीवरच लघवी केली.

"वा!" प्राणिमित्र डोळे मिटून म्हणाले. "बघा, ती मोकळी होतेय."

"घाबरलीय ती!" आत्या म्हणाली.

"भीती म्हणजे न स्वीकारलेला राग, आत्याबाई. टाचणीच्या मनात बाळाविषयी कटुता आहे. ती तिने सोडायला हवी. बाळाने तर केव्हाच माफ केलंय. आता तिने फक्त बाळापुढे मान झुकवायची, मी फोटो काढतो आणि अहवालाला जोडतो. संपलं."

"मानेला टाके आहेत तिच्या!"

"हरकत नाही. पालकाने झुकवली तरी चालतं."

आत्याने माझ्याकडे पाहिले. लहानपणी मी परीक्षेत दुसऱ्याचे उत्तर उतरवले तेव्हा तिने असे पाहिले होते. मी खुर्चीवरून उठलो, सोफ्यापर्यंत गेलो आणि मान खाली घातली. बाळाने माझे डोके हुंगले. फोटो चांगला आला, असे प्राणिमित्र म्हणाले. एकदा माझे डोळे मिटले गेले म्हणून मान दुसऱ्यांदा खाली घालावी लागली.

मी मान वर केली तेव्हा आत्याची खुर्ची रिकामी होती. घरी गेलो तर ती पिशवी भरत होती. काकाकडे, गावाबाहेर, जाते म्हणाली.

"अगं, पण सत्रावर तुझी सही राहिलीय. तू गेलीस तर टाचणी फरार धरली जाईल."

"धर," आत्या म्हणाली. "धरायला तूच आहेस ना. आणि जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे."

ती फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी व्हरांड्यात उभा होतो. टॉवेलातून टाचणीचा एक कान तेवढा दिसत होता. मला हाक मारावीशी वाटली. जेवण गरम केले नाही, तसेच खाल्ले. घर खायला उठले होते. इतकी शांतता मी फक्त कार्यालयात ऐकली आहे, आणि तिथे तिचा मला कधी त्रास झाला नव्हता.

शुक्रवारी सकाळी मी टाचणीच्या फरार असण्याची नोंद केली. कर्तव्यच ते. पत्त्याच्या रकान्यात काकाचा पत्ता मला पाठ असूनही 'माहीत नाही' असे लिहिले. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून झालेली ही एकमेव खोटी नोंद. तीही सुवाच्य आहे.

तुम्ही हे वाचताना माझ्यावर चरफडत असाल. त्या बिचाऱ्या म्हातारीसाठी तीन शब्द लिहिता आले नाहीत या माणसाला, असे म्हणत असाल. म्हणा. नियम चुकीचा आहे हे मला खिडकीवर येऊन आजवर पुष्कळांनी सांगितले आहे, पण ते सगळे नंतर आलेले. आधी आलेल्यांपैकी एकानेही बारा वर्षांत तसे म्हटले नाही. पावती घडी करून खिशात घातली आणि निघाले. आठवा, तुमच्या कुत्र्याने कोणाला तरी धरले तो दिवस, तुमच्या गाडीने कोणाला तरी घासले तो दिवस, तुमच्या मुलाने वर्गात कोणाला तरी ढकलले तो दिवस. आत्याविषयी तुम्हाला वाटते आहे ते खरेच असेल. पण खिडकी दहाला उघडते, आणि साडेनऊपासून रांगेत सगळ्यांच्या पुढे कोण उभे असते, ते मी आतून रोज पाहतो.