सूर्यफुलाची मोजदाद

परीक्षकांनी टेप ताणली, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा नाकावर आणला आणि म्हणाले, "चौदा इंच. वर दोन दोरे."

कंपाउंडरांनी मोठा श्वास सोडला. तो बहुधा चार महिन्यांपूर्वी, बी पेरलं तेव्हा घेतलेला असावा. शेजारीच निळ्या फुलदाणीत डॉक्टरांचा लाल डेलिया ऐटीत उभा होता. तो साडेदहा इंच. शाळेच्या सभागृहात दर वर्षी भरणाऱ्या या फुलांच्या प्रदर्शनात 'सर्वांत मोठं फूल' हे पहिलं टेबल, आणि त्या टेबलावरचं पहिलं बक्षीस गेली अकरा वर्षं डॉक्टरांच्या डेलियाकडे होतं.

याच डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडरांनी एकतीस वर्षं काढली होती. औषधं कालवली, पुड्या बांधल्या, डॉक्टरांचं अक्षर लोकांना वाचून दाखवलं. त्यांचं खरं नाव आता पोस्टमनला तेवढं ठाऊक होतं. बाकी सगळ्यांना ते कंपाउंडर आणि त्यांची बायको कंपाउंडरीणकाकू.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गच्चीवर सूर्यफुलं लावली, ती खरं तर औषधासाठी. कुठल्याशा जुन्या पुस्तकात त्यांनी वाचलं होतं, की पूर्वी लोक तापाला पानांचा काढा द्यायचे, खोकल्याला भाजलेल्या बियांचा, आणि तेल भेगांना चोळायचे. सगळे प्रयोग काकूंवर झाले. "माझ्या टाचा आहेत या, तुमची प्रयोगशाळा नाही," असं काकूंनी सुनावल्यावर प्रयोग थांबले. पण एक झाड मात्र थांबेना. ते कंपाउंडरांच्या डोक्यावरून गेलं आणि पुढेही जात राहिलं.

कळी होती तोवर ती सकाळी पूर्वेला, संध्याकाळी पश्चिमेला तोंड करायची आणि कंपाउंडर खुर्ची उचलून तिच्यामागे फिरायचे. फूल उमललं आणि कायमचं पूर्वेकडे वळून बसलं. पूर्वेला शेजाऱ्यांची गच्ची. म्हणजे स्वतःचं फूल बघायला कंपाउंडरांना रोज शेजाऱ्यांकडे जावं लागायचं. तरी त्यांनी तक्रार केली नाही. आज पहाटे ते कापताना मात्र त्यांनी कात्री दोनदा खाली ठेवली होती.

"चौदा इंच," कंपाउंडर काकूंच्या कानात म्हणाले.

"ऐकलं मी. जरा सरळ उभे राहा, फोटो काढतील."

"पण," परीक्षक टेप गुंडाळत म्हणाले, "हे फूल नाही."

परीक्षक म्हणजे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. कॉलेजातून ते निवृत्त झाले होते, त्यांचं शिकवणं झालं नव्हतं.

"म्हणजे?" कंपाउंडरांनी विचारलं.

"हा फुलोरा आहे. ही मधली तबकडी बघा. यातला प्रत्येक ठिपका म्हणजे स्वतंत्र फूल. त्याला त्याचा पुंकेसर, त्याचा स्त्रीकेसर. कडेला तुम्ही ज्याला पाकळी म्हणता ना, तेसुद्धा एकेक फूलच. एका देठावर भरलेली सभा आहे ही!"

"लांबून एकच दिसतं हो, सर."

"लांबून मोर्चासुद्धा एकच दिसतो. या टेबलाचा नियम आहे, 'एक फूल'. त्यामुळे बाद."

सरांनी कार्डावर लाल रेघ मारली. पाठीमागून डॉक्टर आले. त्यांनी कंपाउंडरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि नाडी बघतानाच्या आवाजात म्हणाले, "अहो कंपाउंडर, सोडून द्या. आपलं काम नाही ते. चला, चहा घ्या."

कंपाउंडर चहाला निघालेसुद्धा होते. एकतीस वर्षांची सवय. दोन पावलं गेल्यावर ते थांबले.

'आपलं काम नाही.'

ते वळले, दारावर चिकटवलेल्या नियमांच्या कागदापुढे जाऊन उभे राहिले आणि वरपासून खालपर्यंत वाचू लागले. डॉक्टरांचं अक्षर वाचलेल्या माणसाला छापील अक्षर म्हणजे सुट्टीच. चौथ्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी पहिल्या टेबलावरून बादलीसकट सूर्यफूल उचललं आणि सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन चौथ्या टेबलावर ठेवलं.

त्या टेबलावर पाटी होती, 'एका देठावर सर्वांत जास्त फुलं'.

तिथे मुख्याध्यापिकाबाई आपल्या ग्लॅडिओलसजवळ उभ्या होत्या. बावीस फुलं. त्या सकाळपासून येणाऱ्या-जाणाऱ्याला आकडा सांगत होत्या.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"माझी प्रवेशिका."

"यावर एक फूल आहे!"

"नाही, बाई. सरांनी आत्ताच चारचौघांत सांगितलं. सभा आहे सभा. विचारा त्यांना."

सर आले. त्यांनी सूर्यफुलाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, स्वतःच्या हातातल्या लाल पेनाकडे पाहिलं. स्वतःचंच वाक्य असं बादलीतून परत समोर येईल, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"तत्त्वतः बरोबर आहे," ते म्हणाले. "हजारेक असतील. लिहून टाकतो."

"हजारेक कसं लिहिता?" बाई कडाडल्या. "माझी बावीस मोजून घेतली ना? त्यांचीही मोजा!"

"एक चतुर्थांश भाग मोजू आणि चारने गुणू."

"नाही," कंपाउंडर म्हणाले. आवाज चढवला नाही, पण तो ऐकून काकूंनी पर्स खांद्याला लावली. लग्नानंतर एवढ्या ठामपणे त्यांनी 'नाही' म्हटलेलं काकूंना दोनदाच आठवत होतं. "मी अंदाजाने कधी कुणाला गोळ्या दिल्या नाहीत. एकेक मोजीन. अगं, घरी जा आणि माझा पत्र्याचा डबा घेऊन ये."

डब्यात गोळ्या मोजायची ताटली होती, चिमटा होता, भिंग होतं, आणि तोंड आल्यावर लावतात ते जांभळं औषध होतं. कंपाउंडरांनी बाह्या दुमडल्या, भिंग टेबलावर टेकवलं आणि कडेपासून एकेक फूल चिमट्याने उपटायला सुरुवात केली. पन्नासाचा एक ढीग, की काकू कागदावर एक रेघ मारत.

पहिली पंचावन्न कडेची पिवळी फुलं निघाली आणि बाईंनी हात वर केला. आयुष्यभर दुसऱ्यांना हात वर करायला लावणाऱ्या त्या हाताला ते नीट जमलं नाही.

"ही धरायची नाहीत. मी वाचलंय. ही नुसती शोभेची असतात, यांना बी धरत नाही. हो ना, सर?"

"खरंय," सर म्हणाले. "ती वांझ असतात. कीटकांना बोलावण्यापुरती."

काकूंची पेन्सिल थांबली. कंपाउंडरांनी मान वर केली नाही, पण चिमटाही हलला नाही. त्यांच्या घरात दोघंच होती, पहिल्यापासून दोघंच.

"बी धरलं नाही, म्हणून फूल नाही का हो ते?" काकू म्हणाल्या. "लांबून ज्यांच्याकडे बघून सगळे आले, ती हीच ना?"

सरांनी घसा साफ केला. "फूलच आहे ते. पंचावन्न धरा." बाईंनीही पायाजवळ पडलेलं एक पिवळं फूल उचलून मुकाट ताटलीत ठेवलं.

मधल्या न उमललेल्या कळ्या मात्र धरायच्या नाहीत, असं ठरलं. ते कंपाउंडरांनी लगेच मान्य केलं. "कळी ती कळी. बरोबर आहे."

एव्हाना चौथ्या टेबलाभोवती गर्दी जमली होती. पहिल्या टेबलाकडे कुणी फिरकेना. चारशे झाली, पाचशे झाली. परागांची पिवळी धूळ टेबलावर, चष्म्यावर, सरांच्या मिशीवर बसत होती. सर वाकून एकेक ढीग तपासत होते. सातशेचा ढीग पुरा झाला आणि सरांचं नाक हुळहुळलं. त्यांनी खिशात रुमाल शोधला. रुमाल दुसऱ्या खिशात होता.

ती शिंक सभागृहाच्या बाहेरही ऐकू गेली. ताटली उलटी झाली. सातशे फुलं हवेत उडाली आणि ग्लॅडिओलसवर, बाईंच्या केसांत, जमलेल्यांच्या चहाच्या कपांत जाऊन पडली.

"माफ करा," सर म्हणाले आणि पुन्हा शिंकले. मग लागोपाठ सहा वेळा.

काकूंनी पर्समधून छोटा थर्मास काढला. "दोन घोट घ्या, सर. घशाला बरं वाटेल."

"कशाचा काढा आहे?"

"सूर्यफुलाच्या पानांचा."

सरांनी थर्मासकडे अशा नजरेने पाहिलं, की काकूंनी झाकण लावून टाकलं.

"आता संपलंच," बाई केसांतून फुलं झटकत म्हणाल्या. "मोजलेली फुलंच नाहीत, तर पुरावा कसला? नुसत्या रेघा मी मानणार नाही."

डॉक्टर चहाचा कप घेऊन गर्दीत उभे होते. ते हसून म्हणाले, "कंपाउंडर, मी म्हटलं नव्हतं?"

कंपाउंडरांनी भिंग उचललं आणि अर्धवट सोललेल्या तबकडीवर धरलं. फुलं निघाली होती, पण जिथून निघाली तिथे बारीक बारीक खळगे राहिले होते. मधमाशांच्या पोळ्यासारखी ओळीने मांडलेली घरं.

"बाई, फुलं उडाली, घरं कुठे उडाली?" ते म्हणाले. "घरं मोजू. मग तर मानाल?"

बाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. त्या भांडकुदळ असतील, लबाड नव्हत्या. "मानीन," त्या म्हणाल्या.

काडीला कापूस गुंडाळून कंपाउंडरांनी तो जांभळ्या औषधात बुडवला आणि प्रत्येक रिकाम्या घरात एक ठिपका द्यायला सुरुवात केली. एक घर दोनदा मोजायची सोयच उरली नाही. उडालेली सातशे पुन्हा सातशेच भरली, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग उरलेली फुलं काढ, घर रंगव, रेघ मार. कंपाउंडरांची पाठ धरली, बोटं जांभळी झाली, दुपार कलली. काकूंनी दोनदा पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी दोन्ही वेळा बाजूला सरकवला.

"एक हजार एकशे सत्त्याऐंशी," ते शेवटी म्हणाले. "कळ्या सोडून."

सरांनी आकडा लिहिला. बाईंनी आपली बावीस फुलं एकदा डोळे भरून पाहिली आणि पुढे होऊन कंपाउंडरांचा हात हातात घेतला. त्यांचाही तळवा जांभळा झाला. सूर्यफुलाची आता नुसती जांभळी चाळण उरली होती, पण सरांनी तिच्यापुढे पहिल्या क्रमांकाचं कार्ड ठेवलं.

काकू डबा भरू लागल्या. कंपाउंडर टेबल पुसायला फडकं शोधत पहिल्या टेबलाशी गेले. कुणाचं तरी काम म्हणून नव्हे, घाण करून जायची सवय नव्हती म्हणून. तिथे डेलियाची एक पाकळी गळून पडली होती. ती त्यांनी उचलली. दुपारभर भिंगातून बघून बघून डोळ्यांना खोडच लागली होती, म्हणून तिच्या बुडाशीही त्यांनी भिंग धरलं.

बुडाशी एक इवलीशी नळी होती. नळीत एक बारीक तंतू, टोकाला दुभंगलेला. अगदी तसाच तंतू त्यांनी आज अकराशे वेळा पाहिला होता.

ते पाकळी घेऊन उभे राहिले. टाकून देता आली असती. डॉक्टर चांगले होते. दर वर्षी न चुकता त्यांनी कंपाउंडरांना नवा सदरा दिला होता. पण एकतीस वर्षांत एकदाही, बाटलीत दुसरंच औषध दिसत असताना, कंपाउंडरांनी चिठ्ठी चिकटवून दिली नव्हती.

"सर," त्यांनी हाक मारली, "जरा हे बघता? मला कळत नाही म्हणून विचारतो. हेही तसंच दिसतंय."

सरांनी भिंग घेतलं. बघितलं. पाकळी उलटी करून बघितली. मग ते जवळच्या खुर्चीत बसले.

"सर?" डॉक्टर म्हणाले.

"डेलिया आणि सूर्यफूल एकाच कुळातले," सर खालच्या आवाजात म्हणाले. "मी पस्तीस वर्षं वर्गात हे शिकवलं. फळ्यावर चित्र काढून शिकवलं. आणि इथे अकरा वर्षं..." पुढचं वाक्य शिंकेत गेलं.

"म्हणजे?"

"म्हणजे हेही फूल नाही, डॉक्टर. बाद."

आता सरांना थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. लाल पेन घेऊन ते टेबलाच्या कडेने निघाले. झेंडू बाद. शेवंती बाद. झिनिया बाद. मालक आपापल्या फुलदाण्या उचलून चौथ्या टेबलाकडे धावले आणि तिथे चेंगराचेंगरी झाली. पहिल्या टेबलावर शेवटी एकच जास्वंद उरली, तीही काचेच्या पेल्यात. ती कुणी ठेवली, ते कुणालाच सांगता येईना. सरांनी तिला पहिलं बक्षीस दिलं आणि हुश्श केलं.

डॉक्टर निळी फुलदाणी पोटाशी धरून चौथ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. डेलियाच्या पाकळ्या एकावर एक, एकीत एक गुंतलेल्या. कुठून सुरुवात करावी, ते कळेना.

"मोजल्याशिवाय नोंद होणार नाही," बाई म्हणाल्या. आता त्या नियमांच्या बाजूने होत्या.

डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं. मग सवयीने म्हणाले, "कंपाउंडर, जरा..."

काकूंनी डबा बंद करता करता नवऱ्याकडे पाहिलं. कंपाउंडर उठले. त्यांनी ताटली स्वच्छ पुसली, चिमटा पुसला, भिंगावर फुंकर मारून तेही पुसलं. तिन्ही वस्तू ओळीने डॉक्टरांच्या पुढ्यात मांडल्या आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

"पन्नास-पन्नासाचे ढीग करायचे, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. "घाई नाही, मी बसतो समोर. फक्त आधी हात धुऊन या."